शून्य पूर्णांक चार

कागदाची गिरणी बंद पडली त्याला अकरा वर्षं झाली.
वडील जिथे ओल्या लगद्याचे रोल वळवायचे
तिथे आता काळ्या कपाटांच्या रांगा आहेत.
जमीन तीच. सातव्या रांगेपाशी
जुन्या यंत्राच्या पायाचे चार बोल्ट अजून वर आलेत,
नवे लोक तिथे ठेचकाळतात. मी नाही.

प्रत्येक कपाटाच्या पाठीत
माणसाएवढ्या उंच दोन पट्ट्या, उभ्या:
डावी लाल, उजवी निळी.
दोघींना वीज त्याच नदीवरून येते,
पण वेगळ्या वाटेने,
वेगळ्या रोहित्रातून, वेगळ्या बॅटऱ्यांमधून.
चोवीस-चोवीस सॉकेटं. पंगत बसलेली,
आणि वाढप्याचं नाव कुणी विचारत नाही.

प्रत्येक यंत्राच्या दोन केबल,
एक डावीत, एक उजवीत.
आणि कुठल्याच पट्टीवर निम्म्याहून जास्त भार नको,
कारण एक गेली की तिचं सगळं ओझं
पापणी लवायच्या आत दुसरीच्या खांद्यावर.
हे मला पिर्कोने शिकवलं.
तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता.
याहून जास्त ती बोलली नाही.

आज पहाटे तीनला डावी बाजू बंद होणार.
रोहित्राचं तेल बदलायचंय. बाहेर उणे एकतीस,
कैनूच्या जंगलात झाडं तडकल्याचे आवाज.
मी विजेरी दातांत धरून
एकेक केबल बोटाने चाचपत खाली उतरते,
मेंढ्या मोजाव्यात तशी.

कपाट बारा. सॉकेट सतरा आणि अठरा.
दोन्ही केबल डावीत.

यंत्र जुनं. कपाळावर चिकटवलेलं नाव होतं कधीतरी,
शाई उडालीय,
फक्त एका अक्षरावरचे दोन ठिपके उरलेत.
यादीत ते नाही. मालक नाही.
पट्टीच्या छोट्या पडद्यावर
त्याचा आकडा: ०.४ अँपिअर.
हलत नाही. वाढत नाही. मागत नाही.

दोन वाजून एकेचाळीस. ओइवाला फोन.
"तैमी, मरू दे ते. सकाळी कुणी ओरडलं
की कळेल कुणाचं होतं."
अशीच पद्धत आहे. मीही वापरलीय, दोनदा.

०.४ मध्ये काय चालतं?
एखाद्या गावाच्या बसचं वेळापत्रक.
कुणाच्या तरी बंद दुकानाचा हिशोब.
वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यात
उशाशी जे यंत्र घरघरत असायचं
तेही एवढंच खायचं,
आणि त्याच्यावरही नाव नव्हतं,
रुग्णालयाचा नुसता क्रमांक.

अठरातली केबल ओढली तर निळ्या पट्टीला
एक वीत कमी पडते.
कोठाराची किल्ली ओइवाकडे.
दोन वाजून बावन्न.
मी धावत टेबलाशी जाते (सातव्या रांगेपाशी
यावेळी मीही ठेचकाळते)
आणि माझ्याच पडद्यामागची केबल उपटून आणते.

एक काढली. श्वास धरला.
पंखा तसाच.
लांब केबल निळीत बसवली, खटका लागेपर्यंत दाबली.
लाल ०.२. निळी ०.२.

तीन. कुठेतरी खाली, जाड भिंतीपलीकडे,
कुणीतरी एक दांडा खाली ओढतं.
चाळीस कपाटांवरचे लाल आकडे विझतात,
सगळे एकदम,
आणि निळ्या पट्ट्या किंचितही कुरकुरत नाहीत.
बारात, सतरासमोर: निळी ०.४.

या सगळ्या यंत्रांची ऊब पाण्याच्या नळातून गावात जाते.
नदीपल्याड आईच्या खोलीतला रेडिएटर
आत्ता कोमट असेल,
शेजारच्या सुलोचे मोजे त्यावर वाळत असतील,
कारण त्याचा म्हणे नीट तापत नाही.

आठ वाजता ओइवा आला, पापण्यांवर बर्फ घेऊन.
"ओरडलं कुणी?"
"नाही."
"बघ," तो हातमोजे काढत म्हणाला,
"कुणाचंच नव्हतं."

मी काळ्या पडद्यासमोर बसून
राईची भाकरी खात होते.